इंजिनाची चटणी

आमच्या घरातलं अर्धं इंजिन लसणावर गेलं. "भंगार द्या, लसूण घ्या" असं कोकलत एक टेम्पो वस्तीवर आला, लसणाचा भाव तेव्हा ऐकवत नव्हता, आणि माझ्या सासूबाईंनी गोठ्याच्या कोपऱ्यातली खताची गोणी ओढत नेऊन त्याच्या काट्यावर ठेवली. गोणीत सासऱ्यांच्या राजदूत मोटारसायकलचा ब्लॉक होता, पिस्टन होता, कार्बोरेटर होता आणि मॅग्नेट होतं. सासूबाई पदरभर लसूण घेऊन घरात आल्या आणि दिवसभर खुशीत होत्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांचं नाव गहिनीनाथ, आत्यांचं रतनबाई. पण ही नावं फक्त रेशनकार्डावर. एकमेकांना ते "आगं" आणि "आवं" एवढंच म्हणत. आत्यांनी तर नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी बायकांनी आग्रह करून त्यांनाही उखाणा घ्यायला लावला. तो त्यांनी इतक्या घाईनं उरकला, की नाव घेतलं की शिंकल्या ते मला कळलं नाही.

तर ती राजदूत. माझा नवरा अमृत शाळेत होता तेव्हा मामांनी तिचं इंजिन हौसेनं खोललं, सुटे भाग गोणीत भरले आणि "उंद्या बसवतो" म्हणाले. तो उद्या अजून यायचा होता. बाकीची गाडी गोठ्यात म्हशीशेजारी उभी असायची आणि तिच्या टाकीवर कोंबड्या बसायच्या. पण मामांच्या लेखी ती चालू गाडी होती. फक्त आज चालत नव्हती.

त्या संध्याकाळी आत्यांनी लसणाची चटणी कुटली. लाल मिरची, शेंगदाणे आणि हात न आखडता घातलेला लसूण. मामा भाकरीवर भाकरी घेत सुटले. "आगं, चटनी लई झ्याक झालीय," असं भरल्या तोंडानं म्हणाले, पुन्हा वाढून घेतली आणि मग सहज विचारलं, "एवढा लसून आनला कुठनं?"

आत्यांनी अभिमानानं सांगितलं.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. गोठ्यात जाऊन आले. आपण आपल्याच गाडीचा पिस्टन भाकरीला लावून खाल्ला, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ते उभ्याउभ्याच म्हणाले, "कानिफनाथाची आन घेऊन सांगतो. ही गाडी सवताच्या इंजिनावर मारुतीपातूर गेल्याबिगर मी हिच्यासंगं एक शब्द बोलनार न्हाई."

"मला तरी कुठं बोलायचंय," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनीही तोंड मिटलं.

आमचा मारुती काही लांब नाही. घरासमोर अंगण, अंगणापुढं उतार, उताराच्या तळाशी कडुलिंब आणि त्याच्याखाली मारुतीचा कट्टा. ओट्यावरून हाक मारली तर मारुतीला ऐकू जाईल. मामांनी राजदूत नवी आणली तेव्हा नारळ फोडायला पहिली त्याच्यापुढंच नेली होती, म्हणून शपथेत तो आला. मामा तरी लांबचा देव कशाला घेतील? त्यांना वाटलं असणार, आठवडाभरात गाडी उभी करू आणि बोलायला लागू.

आठवडा गेला, पावसाळा गेला, शेजारचा ऊस तुटून कारखान्याला गेला. आणि घरात माझं पोस्ट ऑफिस झालं.

"निकिता, तुझ्या सासूला इचार, च्या झाला का."

"निकिता, मामांना म्हनावं, च्या कवाचा म्होरं ठेवलाय. बघत्यात कुठं?"

हे सगळं एकाच खोलीत, माझ्या डोक्यावरून, एकमेकांकडं पाठ करून. मी मधे कणीक मळत असले तरी निरोप द्यावाच लागे. नुसतं "ऐकलं ना?" म्हटलं तर चालत नसे, शब्दन् शब्द म्हणून दाखवायला लागे. एकदा मी रागानं आत्यांचा निरोप उलटा सांगितला. मामांना माहीत होतं तो उलटा आहे, आत्यांना माहीत होतं की मामांना माहीत आहे, तरी मामा उलट्याप्रमाणे वागले आणि बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

मी हाताशी नसले की दोघं जनावरांमार्फत बोलत. मामा गोठ्यातून मोठ्यानं विचारत, "काय गं म्हशे, गुडघा लई दुखतोय का तुजा?" म्हशीचे गुडघे ठणठणीत होते. ओट्यावरून आत्या कोंबड्यांना सांगत, "दुखतोय, पर गोळी घेतलीय बरं का." हे ऐकून मी आधी पोट धरून हसायचे.

मग एका दुपारी आत्या मला गोठ्याच्या मागं दिसल्या. कुडाला पाठ लावून, पाय पसरून बसल्या होत्या. आत मामा म्हशीला काष्टीच्या बाजाराची हकीकत सांगत होते, कोणाचा बैल उधळला, कोण कोणाच्या अंगावर पडलं, सगळं अगदी रंगून. आत्या ऐकत होत्या आणि तोंडाला पदर लावून आवाज न करता हसत होत्या. मला बघून गडबडल्या.

"काय ऐकता?" मी विचारलं.

"काय न्हाई." मग पदर सावरत म्हणाल्या, "पोरी, जलमभर ह्या मानसानं आगं, आगं करून माजं डोकं उठवलं. चुलीपाशी बसावं तर आगं. डोळा लागावा तर आगं. आन् आता ते आगं म्हशीला गेलं."

त्या हसतच बोलत होत्या, पण डोळे भरले होते. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याच्यामागून इतका राग आला, की मी तशीच गोठ्यात गेले.

"मामा, पुरे झालं. बोलून टाका त्यांच्याशी. कानिफनाथ काय तुमच्या गोठ्यात कान लावून बसलेत का?"

मामांनी आधी कानिफनाथाच्या मढीच्या दिशेनं हात जोडले. मग खाली बघून म्हणाले, "तोंडातनं निघून गेलं, पोरी. आता नाथाची आन मोडू कशी?"

अमृतनं एक तोड काढली होती, की गाडी उतारावरून मारुतीपर्यंत ढकलून द्यावी. मामांना ती पटली नव्हती. "सवताच्या इंजिनावर म्हनलोय मी. ढकलून काय, पेंढ्याचा भारा बी जातोय."

मी कोपरगावची. माझ्या वडिलांचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे आणि मी अभ्यास करायचे ती त्यांच्या ऑईलच्या डब्यावर बसून. सासरी आल्यापासून माझ्या हातात गॅसच्या रेग्युलेटरपलीकडं काही यंत्र पडलं नव्हतं. त्या दुपारी मी पदर खोचला आणि जाहीर केलं, की इंजिन मी बसवणार. मामांनी पाना माझ्या हातात दिला. आत्यांनी कोंबड्यांना सांगितलं, की सुनेला कुणी हटकायचं नाही.

आधी काष्टीहून छगनला बोलावलं. छगन फिटर आहे, त्याच्याकडं लेथ आहे. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, हिचा दहावा घालून टाका."

"लेथचं काम तेवढं तू कर. दहाव्याचं मी बघते," मी म्हटलं.

भाग आणायचं काम अमृतकडं. त्याचा टेम्पो आहे, कांदा घेऊन तो जिल्हाभर फिरतो. श्रीरामपूरला भंगाराच्या ढिगात शोधून त्यानं एक एक भाग आणला, आणि प्रत्येक वेळी कुणी लढाई जिंकून यावं तसा आला. ब्लॉक राजदूतचाच मिळाला. पिस्टन दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. कार्बोरेटर रिक्षाचा. ठिणगी पाडणारं मॅग्नेट हातात घेऊन मी विचारलं, "हे कशाचं?"

"काय माहीत," अमृत म्हणाला. "पण गोल आहे."

माणूस माझाच आहे, काय बोलणार?

पिस्टन ब्लॉकमध्ये सोडला तर तो कुठंही न घासता आरपार खाली आला. छगननं ब्लॉकला आतून लायनरची नळी ठोकली आणि ती बोअर मारून पिस्टनच्या मापाची केली. कार्बोरेटरचं तोंड मोठं आणि इंजिनाचं लहान. मी मधे ट्रॅक्टरच्या पाण्याच्या पाईपचा तुकडा घातला आणि दोन्हीकडून पट्ट्या आवळल्या. सांध्यात घालायच्या गॅसकेटला जाड कागद हवा होता. कपाटात कुणाच्या तरी लग्नाची पुठ्ठ्यासारखी पत्रिका होती, ती कापली. 'आपला स्नेहांकित' तेवढं बाहेर डोकावत राहिलं. मॅग्नेट दांड्यावर ढिलं बसत होतं, ते छगननं पातळ बुश घालून बसवलं. आता बसतंय ना, मग झालं, असं आम्ही दोघंही म्हणालो, आणि मी नट आवळून टाकला.

पहिल्या दिवशी गाडीनं पेट्रोल प्यायलं आणि सगळं खाली सांडलं. कार्बोरेटरमधला पेट्रोल अडवणारा फ्लोट अडकत होता, तो सोडवला. मग पेट्रोल थांबलं, पण ठिणगी पडेना. पॉईंट घासून साफ केले तेव्हा निळी ठिणगी पडली आणि मामा म्हशीला म्हणाले, "आगं, लाईट आली." ओट्यावर आत्यांचं सूप क्षणभर थांबलं. मग मामांनी किक मारली. किकनं मामांना उलट मारली. दांडा असा झटक्यानं वर आला, की मामांची चप्पल उडून पत्र्यावर गेली.

किक उलटी येते म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडते. हे मला वडिलांनी शाळेत असताना शिकवलंय. पण इंजिन एकदा फुर्र करून गेलं होतं, तो आवाज कानात घुमत होता आणि आम्ही सगळेच हवेत होतो. मी पॉईंटची प्लेट जरा फिरवली, किक पुन्हा उलटी आली नाही, आणि मी विषय सोडून दिला. अमृत पत्र्यावर चढून चप्पल काढत होता आणि तिथूनच शिट्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाऊन, इस्त्रीचा सदरा, टोपी घालून तयार. एका हातात नारळ. गाडी पुसून अंगणात आणली आणि पूजेसाठी तिचं तोंड घराकडं केलं. गाडीची पूजा करायची तर ती दाराकडं तोंड करूनच उभी करायची, ही आमच्याकडची रीत. पूजा झाली की वळवायची, उतारानं मारुतीपुढं न्यायची, नारळ फोडायचा, आणि मग बोलायचं. मी हेडलाईटला कुंकू लावलं, आरती ओवाळली. आत्या समोर ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. आपला ह्या सगळ्याशी काही संबंध नाही, असं त्यांचं तोंड होतं. पण नवं लुगडं नेसल्या होत्या, आणि सुपातले तेच ते गहू इकडून तिकडं करत होत्या.

मामांनी नारळ माझ्याकडं दिला आणि किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी पेटली.

काय तो आवाज. अंगण धुरानं भरलं, कोंबड्या चिंचेवर चढल्या, अमृत धुरात नाचायला लागला. मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुरानं नव्हतं. ते ऐटीत बसले, टोपी नीट केली, गाडी वळवायला म्हणून पहिला गियर टाकला, आणि नजर समोर ठेवून हळूच क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

मामांना वाटलं, गियर चुकला. त्यांनी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागं गेली.

अंगण संपलं आणि उतार लागला. मामा पुढं बघत होते आणि मागं चालले होते. मी "क्लच, मामा, क्लच" म्हणून ओरडत नारळासकट धावले, पण त्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. मामांनी हँडल घट्ट धरलं होतं आणि ओठ त्याहून घट्ट मिटले होते. कारण ओरडावं तर कुणाकडं बघून? गाडी पुढं गेली असती तर आत्यांना त्यांची पाठ दिसली असती. ती मागं चालली होती, म्हणून मामांचं तोंड सारखं आत्यांकडंच होतं, आणि डोळे एवढाले झाले होते. त्या डोळ्यांत स्वच्छ "आगं" होतं. पण शपथ.

आत्यांनी सूप टाकलं. गहू अंगणभर झाले. दुखरा गुडघा, नवं लुगडं, सगळं विसरून त्या उतारानं धावत सुटल्या, आणि सगळ्या वस्तीला, मारुतीला आणि बहुतेक काष्टीलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "गहिनीनाथ! बिरेक दाबा!"

ना उखाणा, ना राव. कोरडं नाव.

ते ऐकून मामा इतके दचकले, की त्यांचे हात आणि पाय एकदमच आवळले गेले. मागचा मडगार्ड मारुतीच्या कट्ट्याला टेकला आणि गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. मामा गाडीवर तसेच बसलेले, टोपी कानावर आलेली. आत्या समोर धापा टाकत उभ्या, हात तोंडावर. आपल्या तोंडातून काय गेलं ते त्यांना तेव्हा कळलं.

मामांनी मान वळवून मारुतीकडं बघितलं, मग मागच्या चाकाकडं, मग माझ्याकडं. मला त्यांची अडचण कळली.

"मामा," मी म्हटलं, "गाडी मारुतीपर्यंत गेली. स्वतःच्या इंजिनावर गेली. तोंड कुणीकडं करून जायचं, ते तुम्ही बोलला नव्हता."

मामांनी विचार केला. गाडीवर बसूनच मारुतीला हात जोडले, मढीच्या दिशेनं जोडले. मग आत्यांकडं वळले. ओठ हलले, पण पहिल्यांदा नुसती हवाच आली. इतक्या महिन्यांचं साठलेलं, त्यातलं आधी कुठलं काढावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"आगं," ते म्हणाले.

आत्या खाली कट्ट्यावर बसल्या.

"आगं, ती चटनी लई झ्याक झाली हुती."

"मंग एवढं सांगायला इतकं दिस लावत्यात व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि पदरात तोंड घालून रडल्या की हसल्या ते कुणाला सांगता येणार नाही. मी मात्र रडले. नारळ हातातच होता, तो अमृतनं काढून घेतला आणि फोडला.

"नाव घेतलंस माजं," मामा म्हणाले.

"घेतलं. आता काय करता?"

"काय न्हाई. म्हनलं, बरं लागतंय कानाला."

मी पाना घेऊन मॅग्नेट खोललं. नट काढताच सगळं दिसलं. मॅग्नेट दांड्यावर फिरू नये म्हणून मधे एक बारीक चावी बसते. आमच्या मॅग्नेटला चावीची खाच भलत्याच जागी होती, त्यामुळं ठिणगी भलत्या वेळी पडत होती आणि इंजिन उलटं फिरत होतं. टू-स्ट्रोक इंजिनाला उलटं काय आणि सुलटं काय, ते आपलं खुशाल चालतं. गियर मात्र त्याच्याच मागून जातात. गोल आहे एवढ्यावर घेतलेलं मॅग्नेट, दुसरं काय करणार?

"छगनकडनं दुसरी खाच पाडून आणते," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत गाडी पुढं जाईल."

"उंद्या आन," आत्या म्हणाल्या.

त्यांनी डोळे पुसले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि गाडीपाशी गेल्या. "जलमभर ह्येंच्या मागं एका अंगानं बसले. दिसली ती निस्ती पाठ आन् रस्त्याची एक बाजू. आता गाडी उलटी हाय, तवर मी म्होरं बसते."

मी नट पुन्हा आवळून दिला, अमृतनं गाडी फिरवून तिचं शेपूट घराकडं केलं. मामांनी किक मारली. आत्या मागच्या सीटवर दोन्हीकडं पाय टाकून, शेपटाकडं तोंड करून बसल्या, म्हणजे गाडी जाणार होती तिकडं. दोघांच्या पाठी एकमेकांना टेकल्या. मामांना आता काहीच दिसत नव्हतं; रस्ता होता तो आत्यांच्या ताब्यात. गाडी निघाली, उतार चढून अंगणात आली आणि अंगणाला फेऱ्या घालायला लागली.

"डावीकडं घ्या," आत्या ओरडल्या.

मामांनी घेतली.

"ती न्हवं. ती तुमची डावी. माजी डावी घ्या."

"आगं, तुजी डावी म्हंजी माजी उजवी."

"मंग उजवी घ्या की. इतकं काय अवघड हाय त्यात?"

"मंग तसं म्हन ना."

"आवं, उकिरडा आला. बोलत काय बसलाय?"

अशा त्यांच्या किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. पेट्रोल संपलं तेव्हा गाडी थांबली, बोलणं थांबलं नाही. दोघं पाठीला पाठ लावून तशीच बसली होती आणि चटणीच्या दिवसापासूनच्या बातम्या एकमेकांना सांगत होती, ज्या दोघांनीही आधीच ऐकल्या होत्या. म्हैस गोठ्यातून मान बाहेर काढून बघत होती. त्या दिवशी तिच्याशी कुणीच बोललं नाही.